'काही नको' हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

दर सोमवारी सकाळी क्लिनिकच्या मागच्या खोलीत, कॉफीच्या यंत्राशेजारी, एक कागद लावलेला असे. त्यावर आम्हा पाच जणांची नावं आणि नावांपुढे चार रकाने. तासाला किती पेशंट पाहिले, दर पेशंटमागे सरासरी किती बिल झालं, दर पेशंटमागे किती तपासण्या झाल्या आणि बाहेर पडताना पेशंटने किती तारे दिले. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर असेल तर हिरवा, खाली असेल तर लाल. माझा तिसरा रकाना बहुतेक आठवडे लाल असायचा. कागद वाचून झाला की आम्ही एकमेकींकडे न बघता कप धुवायचो आणि आपापल्या खोल्यांकडे जायचो.

मी नर्स प्रॅक्टिशनर आहे. मिरजेला नर्सिंग केलं, पुण्यात सहा वर्षं ड्यूट्या केल्या, परीक्षा देऊन अमेरिकेत आले आणि इथे नोकरी करता करता आधी पदवी, मग मास्टर्स घेतलं. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पेशंटला तपासून निदान करणारी आणि स्वतःच्या सहीने औषध लिहून देणारी नर्स. अमेरिकेत आज अशा चार लाखांहून अधिक नर्सेस आहेत. निम्म्याहून अधिक राज्यांत त्यांना डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करता येतं. मी टेक्सासात आहे, इथे येत नाही. इथे डॉक्टरशी लेखी करार लागतो आणि एक डॉक्टर असे सात जणांपर्यंत करार करू शकतो. आमच्या क्लिनिकचा करार ज्या डॉक्टरांशी होता त्यांना मी चौदा महिन्यांत दोनदा प्रत्यक्ष पाहिलं.

ते अर्जंट केअर क्लिनिक, म्हणजे आधी वेळ न घेता किरकोळ आजारासाठी जाता येईल असा दवाखाना, दुकानांच्या रांगेत होतं, एका बाजूला नखं रंगवून देणारं सलून, दुसऱ्या बाजूला पिझ्झाचं दुकान. मालकी एका गुंतवणूक कंपनीची, जिची अशी बरीच क्लिनिक्स होती. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिथे मला कोणीही, एकदाही, चुकीचं वागायला सांगितलं नाही. व्यवस्थापक तिशीतला, सभ्य मुलगा होता. माझी आई गेली तेव्हा त्याने न मागता दोन आठवड्यांची सुट्टी दिली. तो कागदाकडे बोट दाखवून एवढंच विचारायचा, "या आठवड्यात काही अडचण होती का?"

एका ऑगस्टमध्ये छपरं घालणारा एक मजूर आला. चाळिशीचा, मूळचा होंडुरासचा, विमा नाही. तीन दिवस खोकला, घशात खवखव, अंगात कसकस. मी खोलीत शिरले तेव्हा मेडिकल असिस्टंटने त्याच्या नाकातून आणि घशातून स्वॅब घेऊन झाले होते. कोविड, फ्लू आणि स्ट्रेप, म्हणजे घशाचा जिवाणूसंसर्ग. 'खोकला, ताप' अशी तक्रार नोंदवली की या तिन्ही तपासण्या मी पेशंटला बघण्याआधीच करायच्या, असा आमच्याकडे कायमचा आदेश होता. त्याने वेळ वाचतो, असं त्याचं कारण होतं आणि वेळ खरोखरच वाचायचा. ऑगस्टमध्ये टेक्सासात फ्लू जवळजवळ नसतो. खोकला असलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या घशात स्ट्रेप सापडण्याची शक्यता इतकी कमी असते की तपासूच नये, हे आम्हाला अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच शिकवतात. मी त्याची छाती ऐकली, घसा बघितला. पाणी पी, दोन दिवस उन्हात छपरावर चढू नकोस, श्वास लागला तर लगेच ये, असं सांगितलं. तो आभार मानून गेला.

पाच आठवड्यांनी तो परत आला. हातात चार घड्या घातलेलं तपासण्यांचं बिल. त्याने आवाज चढवला नाही. मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या स्पॅनिशमध्ये त्याने एकच विचारलं: यातलं मला नक्की काय लागत होतं?

मी बिलिंगवाल्यांशी बोलते म्हणाले. बोललेही. थोडी सूट मिळाली. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. उत्तर होतं, 'यातलं काहीच नाही.' ते माझ्या जिभेवर होतं आणि तरी मी ते दिलं नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे ज्या जागेचा मी पगार घेत होते तिच्याविरुद्ध साक्ष देणं होतं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून याहून मोठ्या चुका झाल्या आहेत. ही मला सगळ्यात जास्त बोचते.

विद्यार्थिनी असताना आम्ही मिरजेला हातात दिवे घेऊन नाइटिंगेल बाईंच्या नावाची शपथ घेतली होती. ती शपथ त्यांनी लिहिलेलीच नाही, ती 1893मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली, हे मला इथे आल्यावर कळलं. तिच्यात अपायकारक औषध देणार नाही असं वचन आहे. अपाय करणार नाही पण गरजही नाही, अशा गोष्टीबद्दल ती काही बोलत नाही. स्वॅबने त्या मजुराला अपाय झाला नव्हता. नाकात एक काडी फिरली, एवढंच. नफ्यावर चालणाऱ्या क्लिनिकमधला नीतीचा प्रश्न बहुतेक वेळा नेमका या पोकळ जागेत असतो. तिथे गुन्हा घडत नाही आणि प्रत्येक निर्णयाचं समर्थन करता येतं. 'खबरदारी म्हणून' हे दोन शब्द कुठेही चालतात.

आमचा पेशा मुळात कशासाठी जन्मला हे आठवलं की ही गोष्ट आणखी लागते. 1965मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड बाई त्याआधी खेड्यापाड्यांत सार्वजनिक आरोग्याचं काम करत. तिथे डॉक्टर पोचत नव्हते आणि आईला मुलाबद्दल जे विचारायचं होतं त्यातलं बरंचसं नर्सलाच ठाऊक होतं. त्याच वर्षी मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आल्या आणि पेशंट वाढले. फोर्ड बाई 2025च्या जानेवारीत, वयाच्या 104व्या वर्षी वारल्या. त्यांची कल्पना अशी होती की नर्सने बसावं, ऐकावं, शिकवावं आणि बऱ्याच वेळा 'बाळ ठीक आहे, काही नको' असं सांगून आईला घरी पाठवावं. अनुभवी नर्सचं सगळं कसब त्या 'काही नको'मध्ये असतं. मिरजेच्या वॉर्डात आमच्या सिस्टर रात्री दोन वाजता नाडी धरून 'डॉक्टरांना उठवू नकोस, झोपेल ती' म्हणायच्या. ते बोलायला वीस वर्षं लागतात.

मग पैशाचा हिशेब आला. 1997च्या कायद्यानंतर नर्स प्रॅक्टिशनरला मेडिकेअरकडे थेट स्वतःच्या नावाने बिल करता येऊ लागलं, डॉक्टरच्या दराच्या 85 टक्क्यांनी. हा आमच्या पेशाचा विजय होता आणि मी तो विजयच मानते. पण आमचा पगार फॅमिली डॉक्टरच्या साधारण निम्मा असतो. उत्पन्न पंच्याऐंशी, खर्च पन्नास. मधल्या पस्तिसांकडे कोणाचं लक्ष जाईल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. त्यात दुसरी एक पुंजी आहे. गॅलप ही संस्था दरवर्षी अमेरिकन लोकांना विचारते की कोणत्या पेशातली माणसं सगळ्यात प्रामाणिक वाटतात. 1999पासून एक 2001 वगळता प्रत्येक वर्षी नर्सेस पहिल्या आल्या आहेत. त्या एका वर्षी अग्निशमन दलाचे जवान पहिले होते. गुंतवणूकदार क्लिनिक विकत घेतो तेव्हा खुर्च्या आणि रक्तदाबाची यंत्रं किरकोळ असतात. तो हा विश्वास विकत घेतो आणि तो विश्वास आमच्या आधीच्या बायकांनी कमावलेला आहे.

बिलाची भाषाही या दिशेने झुकलेली आहे. 2021पासूनच्या नियमांनुसार पेशंटच्या भेटीची पातळी निर्णयाच्या गुंतागुंतीवरून किंवा लागलेल्या वेळेवरून ठरते. प्रिस्क्रिप्शनचं औषध लिहून दिलं तर त्या निर्णयातली जोखीम 'मध्यम' धरली जाते आणि बाकीचे निकष जुळले तर बिल वरच्या पायरीवर चढतं. विचार करून, पेशंटशी बोलून औषध न देण्याचं ठरवलं तरी कागदावर तो विचार मोजता येतो. नियम इतका वाईट नाही. पण तो विचार तीन ओळींत लिहून काढायला वेळ लागतो आणि ॲझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहायला दोन क्लिक. पंधरा मिनिटांत एक पेशंट या वेगात कोणता रस्ता निवडला जाईल? शिवाय औषध मिळालेला माणूस पाच तारे देतो. 'विषाणू आहे, आपोआप बरं होईल' ऐकलेला माणूस पार्किंगमध्ये गाडीत बसूनच एक तारा देतो.

महाराष्ट्रात 'कट' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला मिळणाऱ्या टक्क्यांविरुद्ध 2017मध्ये राज्यात कायद्याचा मसुदा तयार झाला होता, तो मसुदाच राहिला. अमेरिकेत कटविरोधी कायदा 1972पासून आहे, सरकारी योजनेच्या पेशंटबाबत कट घेतला तर तुरुंग आहे. इथे आलेल्या मराठी माणसांना याचं फार कौतुक वाटतं, मलाही वाटायचं. पण त्या कायद्यात नोकरांच्या पगाराला सवलत आहे. रस्त्यापलीकडच्या लॅबने मला दर तपासणीमागे पाच डॉलर दिले तर तो गुन्हा. तीच लॅब माझ्या मालकाची असेल आणि माझा तिमाही बोनस क्लिनिकच्या उत्पन्नावर ठरत असेल, तर ती रीतसर नोकरी. कट उंबऱ्याबाहेर असतो तोवर त्याला नाव असतं. तो घरात आला की पगारपत्रकात मिसळून जातो आणि मग हात लावायला काही उरत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग दोष नफ्याचाच. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होते. 2018मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या एका मान्यवर नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने मला थांबवलं. ज्या श्वसनविकारांत अँटिबायोटिकची गरजच नसते, अशा पेशंटना ती किती वेळा दिली जातात, हे त्यात विम्याच्या नोंदींवरून मोजलं होतं. आमच्यासारख्या अर्जंट केअर क्लिनिकांत 45.7 टक्के. रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांत 24.6. नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत 17. आणि औषधांच्या मोठ्या दुकानसाखळ्यांच्या आतल्या छोट्या क्लिनिकांत, जिथे बहुतेक करून नर्स प्रॅक्टिशनरच बसतात, 14.4. ती क्लिनिकंही नफ्यासाठीच आहेत. औषध लिहिलं तर ते दहा पावलांवर त्याच दुकानात विकलं जाणार आहे. तरी आकडा सगळ्यात खाली.

हा निकाल माझ्या रागाच्या सोयीचा नव्हता, म्हणून मी तो अनेकदा वाचला. मला समजलेलं कारण असं. त्या छोट्या क्लिनिकांत कोणता आजार बघायचा, कोणत्या लक्षणांना काय द्यायचं, कोणत्याला द्यायचं नाही, हे आधीच काटेकोर लिहून ठेवलेलं असतं. तिथल्या नर्सला नकार स्वतःच्या खांद्यावर पेलावा लागत नाही, नियमावली तिच्या मागे उभी असते. आमच्याकडेही कायमचे आदेश होते, पण सगळे 'करा' असे. 'करू नका' असा एकही नव्हता. तेव्हापासून मी कोणत्याही दवाखान्याची मालकी कोणाकडे आहे याच्या आधी हे विचारते की तिथे काय मोजतात. धर्मादाय रुग्णालय तपासण्या मोजत असेल तर तिथली नर्सही त्याच दिशेला सरकेल. महाराष्ट्रात आरोग्यवर्धिनी केंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामाच्या आकड्यांवर अवलंबून असतो. तिथे नफा कोणालाच होत नाही. पण माणूस मोजणाऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघायला लागतो, हे तिथेही होणारच.

तरीही मी नफ्याला सोडून देत नाही. कारण काय मोजायचं हे कोण ठरवतं? बाजारात लवकर वाढायचं असलेली कंपनी पेशंट टिकणं मोजेल आणि पेशंट टिकतो तो हवी ती गोळी मिळाली की. सेरेब्रल ही ऑनलाइन मानसोपचाराची कंपनी 2020मध्ये सुरू झाली. नियंत्रित औषधं देण्याआधी पेशंटला प्रत्यक्ष तपासण्याची 2008च्या कायद्यातली अट कोविडमुळे शिथिल झाली होती. कंपनीकडे औषध लिहिणाऱ्यांत भरणा नर्स प्रॅक्टिशनरचा. लक्ष एकाग्र न होण्याच्या तक्रारीवर ॲडरॉलसारखी सवय लावू शकणारी औषधं छोट्या व्हिडिओ भेटींनंतर दिली गेली. 2022च्या मे महिन्यात कंपनीने नव्या पेशंटना अशी औषधं देणं थांबवलं आणि 2024च्या नोव्हेंबरमध्ये सरकारशी तडजोड करून सुमारे 36 लाख डॉलर भरायचं मान्य केलं. ही औषधं अधिकाधिक दिली जावीत यासाठी कंपनीने लिहिणाऱ्यांवर दबाव आणला, असं सरकारचं म्हणणं होतं. मला त्या तडजोडीपेक्षा पडद्यापलीकडच्या नर्सेसची आठवण येते. प्रत्येक प्रिस्क्रिप्शनखाली सही त्यांची, लायसन्स त्यांचं. कंपनी दंड भरून पुढे जाते. नर्सकडे दंड भरायला एक लायसन्सच असतं.

डॉक्टरांच्या काही संघटना म्हणतात की नर्सेसना हे अधिकार दिल्यानेच घोटाळा झाला. त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. नर्स प्रॅक्टिशनरला किमान 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरेसं मानलं जायचं, 2022च्या नव्या मानकांनी ते 750 केलं. वॉर्डात पुरेशी वर्षं न काढता ऑनलाइन शिकून थेट प्रॅक्टिसला बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या हुशार असतात, कष्टाळू असतात. पण ज्यांना अजून आजाराचीच भीती वाटते त्या तपासणीला 'नको' कशाच्या जोरावर म्हणणार? असं मनुष्यबळ कोणाला सोयीचं पडतं याचा विचार त्या संघटनाही करत नाहीत. आणि करारावर महिन्याचं मानधन घेऊन सही करणारे, क्लिनिकमध्ये कधी न येणारे डॉक्टर त्यांच्याच सभासदांपैकी असतात.

'मग सोड नोकरी,' हे माझ्या नवऱ्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी चौदा महिने का थांबले? करारावर सही करताना बोनस मिळाला होता, दोन वर्षांच्या आत सोडल्यास तो परत करायचा होता. मुलीच्या कॉलेजची फी होती. ही कारणं खरी आहेत आणि ती सांगताना मला लाज वाटत नाही, नोकरदार माणसाची नीती घरच्या हिशेबाच्या वहीला लागूनच असते. पण आणखी एक कारण होतं. त्या भागात दुसरा दवाखाना नव्हता. संध्याकाळी सात वाजता कान दुखणाऱ्या मुलाला घेऊन येणाऱ्या आयांना माझं नाव माहीत झालं होतं. मी गेले तर त्या खुर्चीत कोणी नवखी येणार होती, जिचा तिसरा रकाना लाल होणार नव्हता. आणि क्लिनिकच गेलं तर? 2024च्या एप्रिलमध्ये वॉलमार्टने पाच राज्यांतली आपली सगळी 51 आरोग्य केंद्रं बंद करत असल्याचं जाहीर केलं. धंदा परवडत नाही, एवढंच कारण. तिथल्या मधुमेहाच्या पेशंटनी पुढे कुठे जायचं हे त्या हिशेबात येत नाही. नफ्याचा दवाखाना राहतो तेव्हा एक प्रश्न असतो, जातो तेव्हा दुसरा.

अमेरिकन नर्सेसच्या नीतिसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की नर्सची पहिली बांधिलकी पेशंटशी. त्याच संहितेत पुढे असंही आहे की नर्सचं स्वतःप्रतिही कर्तव्य आहे, तिने आपली सचोटी जपली पाहिजे. मी चौदा महिने ही दोन कलमं एकमेकांविरुद्ध वाचत होते, पेशंटसाठी थांब आणि स्वतःसाठी निघ. आता वाटतं, हा वाद मला एकटीला घालायला लावणं हीच त्या व्यवस्थेची मोठी सोय होती. आम्ही पाच जणी होतो. आम्ही कधी एकत्र बसून 'खोकला असेल तर स्ट्रेपचा स्वॅब आपोआप घ्यायचा नाही' असं एक पान लिहून व्यवस्थापकाला दिलं नाही. दिलं असतं तर तो काय म्हणाला असता मला माहीत नाही. कदाचित 'बरं' म्हणाला असता. प्रत्येकीने आपापली सचोटी आपापल्या खोलीत, दार लावून सांभाळली. बोनस परत करून मी बाहेर पडले, तेव्हा ते पान न लिहिताच पडले.

आता मी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका आरोग्य केंद्रात आहे. इथेही आकडे आहेत, पण ते वेगळे: रक्तदाब किती जणांचा आटोक्यात आला, किती मुलांच्या लसी पूर्ण झाल्या. पगार कमी आहे.

भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरमधल्या आणि प्रसूतीसेवेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आखले आहेत. त्यातून शिकून निघणाऱ्या अनेक मुली मोठ्या खासगी रुग्णालयांतच जातील. त्यांना अधिकार मिळावेत असं मला मनापासून वाटतं. मात्र अधिकाराच्या मागोमाग रकाने येतात, म्हणून त्यांच्या नेमणूकपत्रात सुरुवातीपासूनच लिहिलेलं असावं की तपासण्यांच्या आणि औषधांच्या संख्येवर त्यांचा एक रुपयाही ठरणार नाही, आणि कायमचे आदेश त्यांच्या संमतीशिवाय लागू होणार नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सांगलीची एक मुलगी, इथे नुकतीच नर्स प्रॅक्टिशनर झालेली, मला फोन करून म्हणाली, "ताई, अर्जंट केअरची ऑफर आहे. पगार चांगला आहे. घेऊ का?" मी घे किंवा नको म्हणाले नाही. मी म्हटलं, "इंटरव्ह्यूमध्ये त्यांना विचार, तुमच्याकडून किती पेशंट औषध न घेता घरी जातात, हे तुम्ही मोजता का?"

तिने खरंच विचारलं. समोरची बाई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, बघून सांगते. ते उत्तर काही आलं नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं, मुलीने नोकरी घेतली. आता दर रविवारी तिचा फोन येतो. एका वहीत ती स्वतःच लिहून ठेवते, या आठवड्यात कितीजणांना 'काही नको' सांगितलं. पहिल्या आठवड्यात तीन होते. परवाच्या रविवारी अकरा होते, आणि तिने मला विचारलं की तिच्याबरोबरच्या दोघींना ही वही दाखवावी का.

मी म्हटलं, "दाखव गं. उद्याच दाखव."